पाचवी गादी



वाडीचा तुकडा विकून आलेल्या पैशांतून आपल्यापैकी अनेकांनी स्टेशनजवळ फ्लॅट घेतले. आम्हीही घेतला, वन बीएचके. कॉलेज चालत दहा मिनिटांवर. एजंट म्हणाला, ‘‘कुटुंबाला दिलात तर दहा हजार. मुलांना द्या, प्रत्येकी तीन हजार. पाच गाद्या टाकल्या की पंधरा.’’ हिशेब बरोबर होता. पाच गाद्या टाकल्या.

पुढच्या महिन्यात भाडे घ्यायला गेलो, तेव्हा जव्हारचा एक मुलगा स्वयंपाकघरात ओट्यालगत झोपला होता. पाचवी गादी तिथेच मावत होती. ‘‘त्रास नाही ना होत?’’ मी विचारले. ‘‘नाही काका.’’ दुसरे तो काय म्हणणार?

घरी येऊन मी हिला म्हणालो, ‘‘त्याने राजीखुशीने सही केली आहे. करार नोंदवलेला आहे.’’ ते खरेच होते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. मी ती पाळली होती. पण एका खोलीत माणसे किती असावीत, याबद्दल त्या कलमात काही नाही.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात मजुरीचा असाच प्रश्न घेतला आहे. मजुराने नाइलाजाने अपुरी मजुरी कबूल केली, म्हणून ती न्याय्य ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्याच पत्रात खासगी मालमत्तेचा हक्कही त्यांनी ठामपणे मांडला आहे, हेही सांगायला हवे. घर घेऊन भाड्याने देण्यात गैर काही नाही. पण मजुरीला जे लागू, ते भाड्याला का नसावे? जव्हारला रेल्वे नाही. रोज येऊन-जाऊन तो मुलगा शिकू शकत नाही. त्याचा होकार मी त्या अडचणीतूनच मिळवला होता.

मग पाचवी गादी काढावी, असे मनात आले. ही म्हणाली, ‘‘म्हणजे तुमचे मन हलके होणार, आणि तो रस्त्यावर!’’ तिचे खरे होते.

शेवटी हॉलमध्ये ठेवलेला आमचा जुना दिवाण आणि लाकडी कपाट घरी आणले (आता आमच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नाही). त्याची गादी हॉलमध्ये आली. भाडे प्रत्येकी चोवीसशे केले, एकूण बारा हजार. कुटुंबाकडून मिळाले असते त्यापेक्षा हे अजूनही दोन हजारांनी जास्त आहे. ते दोन हजार घ्यावेत की नाही, यावर आमचे दोघांचे एकमत नाही. ज्यांनी घरे भाड्याने दिली आहेत, त्यांनी रविवारी मिस्सानंतर जरूर भेटावे.