आर्ताची हाक आणि ऐकणाऱ्याचा अधिकार

ब्रह्मविद्येकडे वळणाऱ्यापाशी विवेक, वैराग्य, शमदमादी सहा गुण आणि मोक्षाची ओढ ही चार साधने असावीत असे वेदान्त सांगतो, आणि त्यांतून येणाऱ्या पात्रतेला तो अधिकार म्हणतो. भक्तिपरंपरेने मात्र देवाला हाक मारण्यासाठी अशी कोणतीही पूर्वअट मानली नाही. या दोन भूमिकांमधला ताण हिंगोली जिल्ह्यातल्या एका कथेत एकवटला आहे. नर्सी हे ज्यांचे जन्मस्थान मानले जाते, त्या नामदेवांच्या (१२७०–१३५०) हातचा नैवेद्य विठ्ठलाने त्यांच्या बालपणीच खाल्ला असे परंपरा सांगते, आणि तीच परंपरा असेही सांगते की कुंभार संत गोरोबाकाकांनी त्यांना कच्चे मडके ठरवले, म्हणून त्यांना गुरूसाठी औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे जावे लागले. ज्याची हाक देवापर्यंत पोचली होती, त्याला आणखी कोणती पात्रता हवी होती?

या प्रश्नावर प्रकाश टाकणारी एक व्यवस्था हिंगोलीपासून फार दूर, समुद्रावर आहे. व्यापारी जहाजावरचा रेडिओ चालवणाऱ्याला प्रमाणपत्र लागते: किनाऱ्यावरील व्हीएचएफ केंद्राच्या टप्प्यातच राहणाऱ्या जहाजाला मर्यादित प्रमाणपत्र पुरते, त्यापलीकडे जाणाऱ्याला जनरल ऑपरेटरचे लागते आणि भारतात ते दूरसंचार विभागाकडून मिळते. तरीही, संकटातल्या जहाजाने लक्ष वेधण्यासाठी हाताशी असेल ते कोणतेही साधन वापरावे, आपला कोणताही नियम त्याच्या आड येणार नाही, असे आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीच मान्य करते. म्हणजे बुडत्या बोटीवरच्या अप्रशिक्षित माणसानेही चॅनेल १६ वर तीनदा ‘मेडे’ म्हणून मदत मागितली तर तो नियमभंग ठरत नाही. प्रमाणपत्रधारकाला बोलण्याची शिस्तही शिकावी लागते हे खरे; पण त्याच्या विद्येचा गाभा ऐकण्यात आहे, कारण पहारा ठेवणे, हाक येताच इतर बोलणे थांबवणे, ठिकाण टिपून घेणे आणि कोणीच उत्तर देत नसेल तर ती हाक पुढे पोचवणे ही सारी कामे त्याची असतात. १९१२ मध्ये टायटॅनिकवरून निष्णात हातांनी पाठवलेली हाक जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाला ऐकू आली नाही, कारण तिथला एकमेव रेडिओचालक झोपी गेला होता. अहोरात्र पहारा ठेवण्याचे बंधन तोवर त्याच्यावर नव्हते.

पात्रता हाक मारायला नव्हे, ऐकायला लागते, या दृष्टीने औंढ्याची कथा वाचली तर तिच्यातला विरोध मावळतो. पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबांनी, देव नसेल तिथे हे पाय उचलून ठेव, असे सांगितले आणि नामदेवांना तशी जागा सापडली नाही. उणीव त्यांच्या हाकेत नव्हती, पंढरीबाहेरचा देव ओळखण्यात होती. त्यानंतरचे नामदेव हे ऐकणारे नामदेव आहेत. १३३८ मध्ये मंगळवेढ्याचे गावकूस कोसळून अस्पृश्य मानले गेलेले संत चोखोबा गाडले गेले, तेव्हा विठ्ठलनाम ज्यांतून ऐकू येत होते त्या अस्थी नामदेवांनी वेचल्या आणि पंढरपूरच्या महाद्वारापाशी त्यांची समाधी बांधली, असे वारकरी मानतात. चोखोबांना मंदिरात जाण्याचा अधिकार नाही असे ठरवणाऱ्यांनी पात्रतेची परीक्षा हाक मारणाऱ्याची घेतली, स्वतःची घेतली नाही, आणि ही उलटापालट धर्मव्यवहारात इतकी मुरली की ते मंदिर अस्पृश्यांसाठी उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे प्राणांतिक उपोषण लागले.