कसतो कोण?

दोस्तांनो, सवाल साधा आहे. वावरात दहा जण खुरपायला वाकलेत, एक जण बांधावर उभा आहे. ह्यातला शेतकरी कोण?

कृषी भूगोलाच्या पुस्तकाला विचारा. त्यात माती आहे, पाऊस आहे, बाजाराचं अंतर आहे, धारणक्षेत्र आहे. माणूस शेवटी येतो, तोही ‘मजूर पुरवठा’ ह्या नावानं. जसा खतपुरवठा, तसा मजूर पुरवठा. मी पुण्यात डाळमिलमध्ये तुरीची पोती उचलतो. पोत्यावर व्यापाऱ्याचा मार्का असतो. तूर कुणी कापली, कुणी झोडपली, त्याचा मार्का कुठल्याच पोत्यावर मी पाहिलेला नाही. म्हणून ही पुस्तकं मी वाचायला घेतली. शाळेनं शिकवली नाहीत, रद्दीतून आणली.

ह्या शास्त्राचा एक मूळ पुरुष जर्मनीतला फॉन थ्युनेन. स्वतः जमीनदार. १८२६ साली त्यानं मांडलं की मधोमध शहर धरा. जवळच्या वर्तुळात दूध नि भाजीपाला, मग सरपणाचं रान, मग धान्य, शेवटी गुरांची कुरणं. माल वाहण्याचा खर्च वाढत जातो तसं पीक बदलतं. खोटं नाही. आज मार्केट यार्डात पालेभाजी जवळच्या तालुक्यांतून येते आणि तूर मराठवाडा-विदर्भातून. पण ह्याच माणसाला दुसरा सवालही छळत होता. मजुराची न्याय्य मजुरी किती? त्यानं काढलेलं मजुरीचं सूत्र त्याच्या थडग्यावर कोरलेलं आहे. पुस्तकांनी वर्तुळं घेतली. थडगं तिथंच ठेवलं.

आणि एक अंतर त्याच्याही नकाशात नव्हतं. गावापासून महारवाड्याचं. ‘गाव तिथं महारवाडा’ ही म्हण गावानंच केली. वावर आमच्या दाराला लागून असतं, पण त्याच्यावर आमचं नाव लागायला पिढ्या जातात. हे अंतर कोसात मोजता येत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचं बघू. पेशवाई १८१८ ला बुडाली. १८२७ नंतर प्रिंगल नावाच्या साहेबानं इथं जमिनीची पाहणी केली, रिकार्डोचं अर्थशास्त्र डोक्यात घेऊन. एकूण पिकातून खर्च वजा करायचा, उरेल ते निव्वळ उत्पन्न, त्यातलं ५५ टक्के सरकारचं. मजूर कुठं गेला? खर्चात. बैलाच्या वैरणीशेजारी. आकार इतका जड बसला की रयत जमिनी टाकून निघून गेली. मग विंगेट आणि गोल्डस्मिड ह्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरातून नवी पाहणी सुरू केली. जमिनीची प्रत आण्यांत लावली. मातीचे आणे मोजले गेले, माणसाचे कुणी मोजले नाहीत.

पुढं १९१७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या हॅरोल्ड मॅन ह्यांनी पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास छापला. १७७१ साली तिथं सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होतं, १९१४-१५ ला ७ एकर. जमिनीचे तुकडे होताहेत म्हणून सगळे हळहळले. बाबासाहेबांनी १९१८ साली ह्याच विषयावर लेख लिहिला आणि सवालच उलटा केला. नुसते एकर काय मोजता? त्या जमिनीवर भांडवल किती, अवजारं किती, आणि शेतीवर बिनकामी साचलेल्या माणसांना दुसरा उद्योग कुठं आहे, ते सांगा. आज पिंपळे सौदागरात टॉवर उभे आहेत. तुकड्यांचा प्रश्न बिल्डरनं सोडवला. बिल्डर बोलला तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याशी. ज्याचं नाव नव्हतं, त्याच्याशी बोलायचं कारणच नव्हतं.

इथं कुणी म्हणेल, स्वातंत्र्यानंतर ‘कसेल त्याची जमीन’ झाली की! झाली. १९४८ चा मुंबई कूळकायदा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. लाखो कुळं मालक झाली, ते चांगलंच झालं. पण त्या कायद्यात ‘जातीनं कसणं’ ह्याची व्याख्या वाचा. स्वतःच्या मेहनतीनं कसणं, घरच्यांच्या मेहनतीनं कसणं, आणि तिसरं, स्वतःच्या देखरेखीखाली मजूर लावून करून घेणं. म्हंजे बांधावर उभं राहणं हे कसणं. सरीत वाकणं ही मजुरी. जनगणनेचंही तेच. देखरेख करणारा ‘शेतकरी’ धरतात आणि राबणारी बाई ‘शेतमजूर’. २०११ च्या जनगणनेत देशात शेतकरी होते ११ कोटी ८८ लाख आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाख. कसणाऱ्यांहून न कसणारे जास्त, आणि कितीतरी निंदणी-खुरपणी, काढणी ह्या ‘न कसणाऱ्यांनी’ केलेली! ही गणिताची चूक नव्हं. हा नीतीचा निकाल आहे, व्याख्येत लपवलेला.

महारवतनाचं तेच. बाबासाहेबांनी १९२८ ला वतनाविरुद्ध बिल आणलं, वतन मोडायचा कायदा व्हायला १९५८ उजाडलं, आणि जमीन सरकारला रक्कम भरून परत घ्यायची. ज्यांना वतनही नव्हतं त्यांच्यासाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला. लोक तुरुंगात गेले. पडीक जमीन मागत होते, कुणाचं उभं पीक नव्हं.

दुसऱ्या बाजूचंही ऐकलं पाहिजे. मालक म्हणतो, धोका माझा, कर्ज माझं, म्हणून शेतकरी मी. ह्यात खरं आहे. १९७२ च्या दुष्काळात दोन-चार एकरवाला कुणबीही आमच्या शेजारी बसून खडी फोडत होता. त्याच्याशी आपलं भांडण नाही. पण पाऊस गेला की मजुराचा रोजगार त्याच दिवशी जातो. त्याला पीकविमा नाही, कर्जमाफी नाही. मग धोका फक्त मालकाचा कसा? आणि देखरेख हे काम आहे, कबूल. मग खुरपणं हेही कसणंच आहे, एवढं कबूल करा.

दुसरा आक्षेप जास्त अवघड. जमीन सगळ्यांना वाटली तर वाट्याला गुंठे येतील, पोट कुणाचंच भरणार नाही. ह्याला उत्तर पुरंदर तालुक्यात शोधलं गेलं. त्याच ७२ च्या दुष्काळानंतर नायगावात विलासराव साळुंखे ह्यांनी पाणी पंचायत उभी केली. नियम असा की पाणी जमिनीच्या मापानं नाही, माणसांच्या मापानं. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं. ऊस लावायचा नाही. आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. ज्याच्याकडं गुंठा नाही त्याच्याकडं पाणी! मग जमीनवाल्याला त्याच्याशी बोलावं लागतं. राज्यानं हे तत्त्व उचललं नाही. कालव्याचं पाणी आजही जमिनीमागंच जातं. पण एवढं सिद्ध झालं की हक्क मातीला चिकटवलेला असतो तो माणसांनी चिकटवलेला असतो. तो सोडवून माणसाला लावता येतो. बाबासाहेबांनी १९४७ सालीच म्हटलं होतं, शेती राज्याचा उद्योग करा आणि जात न बघता गावकऱ्यांच्या गटांना कसायला द्या. तुकडे मागणारा माणूस नव्हता तो.

आज एक छोटी गोष्ट मागू. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतकरी मोबाइलवर स्वतः पीक नोंदवतो, क्षेत्र नोंदवतो, पाण्याचं साधन नोंदवतो, फोटो काढतो. त्यात आणखी एक रकाना घाला. ह्या हंगामात ह्या वावरात कोण राबलं, त्यांची नावं. जमीन लगेच मिळणार नाही, ठाऊक आहे. पण ज्याचं नाव कागदावर आलं, त्याला उद्या कुणी खर्चात धरताना शंभरदा विचार करील.