लेकराच्या दुःखालाही कारण असते



मार्च २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी आली. माण-हिंजवडीकडची रोजची कामे थांबली, शाळांना कुलपे लागली. एकेका खोलीत अख्खे कुटुंब कोंडले गेले. मजुरीची चिंता बापाच्या जिभेवर आली आणि ती झेलली लेकरांनी. कुणी अबोल झाले, कुणी झोपेत दचकू लागले, कुणी अंथरूण ओले करू लागले. साथ ओसरली, तरी काहींच्या मनातली भीती ओसरली नाही.

अशा वेळी जुनी सवय देवऋषीकडे ओढते. दीक्षा घेतलेल्या घराने तिकडे वळू नये. तथागतांनी सांगितले, दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे. ही बाहेरची बाधा नव्हे. ही भीती आहे. सम्यक वाचा केवळ विहारात म्हणायची नाही, चुलीपाशी पाळायची आहे. पाचवे शील मोडणारा बाप पोराला धीर काय देणार?

१८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याचे आजारी पोर पाठीवर घेतले ते दवाखान्यात नेण्यासाठी. त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. आपणही लेकराला जवळ घ्यावे, त्याचे ऐकावे, आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे न्यावे. मनाच्या आजारासाठी सरकारचा १४४१६ हा मोफत दूरध्वनी आहे. त्यात लाज कसली?

जय भीम! नमो बुद्धाय!