वही कुणाच्या बापाची नाही

माना वर करा. सगळ्यांनीच. आणि मोबाइल पालथे घाला, फोटो काढण्यासारखं आज इथं काही होणार नाही.

ही विहिरींच्या वहीतली मे महिन्याची नोंद, तुमच्याच अक्षरातली. 'पाणी किती खोल' या रकान्यात शून्य. अरे, आपण मोजतो ते जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते! शून्य म्हणजे विहीर काठोकाठ भरलेली. पाचोडला, मे महिन्यात, लोक मोसंबीच्या बागा जगवायला टँकर विकत घेत होते त्या वर्षी! विहीर ठणठणीत कोरडी होती म्हणून तुम्ही शून्य ठोकलंत. पुढच्या शहाण्याने तो आकडा एक्सेलमध्ये चढवला, सरासरी काढली आणि भर उन्हाळ्यात भूजल वर आल्याचा शोध लावला. वर रंगीत आलेख घेऊन मला दाखवायला आला.

त्याखालचा रकाना कोराच. कोरा म्हणजे काय समजायचं मी? विहीर आटली? की तुम्ही गेलाच नाहीत? की गेलात, पण मालक मोसंबी घेऊन बाजाराला गेला होता म्हणून फाटकावरूनच फिरलात? आटली असेल तर 'आटली' लिहा आणि तळ किती खोल आहे तेही लिहा. गेला नसाल तर 'गेलो नाही' लिहा. लाज वाटते? वाटू द्या की. नाथसागर जलाशयावर पक्षी मोजायला जाता तेव्हाही हेच. 'चित्रबलाक' यापुढे काहीच नाही. दिसले नाहीत, की त्या काठाला कुणी फिरकलंच नाही? दुर्बीण गळ्यात अडकवून फोटो मात्र ढिगाने काढलेत.

आता ही दुसरी विहीर. पाऊस झालेला, तरी पाणी एकदम दोन फूट खाली. मी स्वतः जाऊन पाहिलं. शेळी पडली होती म्हणून मालकाने कठडा वाढवून घेतलेला. तुम्ही दोर कठड्यावरून सोडता. पाणी होतं तिथंच होतं, वर गेला तो कठडा! नवं सिमेंट डोळ्यांना दिसत होतं की नाही? त्यावर हात टेकून उभे राहिला असाल तुम्ही. एका ओळीची टीप लिहायला हात मोडला होता का? आणि मोटारीचं काय? थ्री-फेज लाइट रात्रपाळीची असते त्या आठवड्यात सकाळी विहीर उपसलेली असते. दिवसपाळीची असते तेव्हा पहाटे पाणी भरून आलेलं असतं. मोटार कधी बंद झाली हे विचारल्याशिवाय घेतलेला आकडा कसला सांगता? विजेच्या वेळापत्रकाचाच ना? सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते, आपण त्याहून जास्त वेळा मोजतो, म्हणून मिशीला पीळ देत होतात. जास्त वेळा चुकलात, एवढंच झालं.

फायलींबद्दल तर बोलायलाच नको. 'फायनल', 'फायनल नवी', 'खरी फायनल'. तिन्हींत आकडे वेगळे, आणि कोणता कुणी बदलला ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. निम्म्या नोंदी फुटांत, निम्म्या मीटरमध्ये. जून महिन्याची पाच तारीख एका संगणकावर मे महिन्याची सहा झाली, कारण महिना आकड्यात लिहायची घाई. मूळ वही कुठंय? एकाच्या भाड्याच्या खोलीत राहिली आणि खोली सोडताना रद्दीत गेली. वा!

म्हणे, 'सर, मूळ वहीचं आता काय काम, आकडे तर घेतलेत.' काय काम ते ऐक. इंग्लंडात रोथॅमस्टेड इथं लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी १८४३ साली एका शेतात गव्हावर खतांचा प्रयोग मांडला. दोघं ५७ वर्षं बरोबर राबले. ते गेले, प्रयोग अजून चालू आहे. त्यांनी आकडे तर ठेवलेच, शिवाय दरवर्षीचा गहू आणि मातीही बरण्यांत भरून चिठ्ठ्या लावून ठेवली. डीएनए हा शब्दसुद्धा त्यांनी ऐकला नव्हता. २००५ साली त्याच जुन्या गव्हातून शास्त्रज्ञांनी बुरशीचा डीएनए काढला आणि दीडशे वर्षांत गव्हावरचा करपा कसा बदलत गेला, त्याचा हवेतल्या गंधकाच्या धुराशी कसा मेळ बसतो, ते दाखवलं. चिठ्ठीवर वर्ष नसतं तर ती बरणी उंदरांच्या कामाची होती. आणि हे साहेबांचंच कौतुक म्हणून नाक मुरडू नका. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात १९८०च्या दशकापासून त्याच काळ्या रानात, त्याच वाफ्यांत ज्वारीमागून गहू घेऊन खतांचा हिशेब ठेवतायत. किती जणांनी ते वाफे पाहिलेत? एकानेही नाही.

आता तू. हो, तूच, पीएचडी झालेला. धाकट्यांनी जुने आकडे मागितले तर म्हणालास, 'माझा डेटा आहे, आधी माझा पेपर येऊ दे.' विहीर शेतकऱ्याची, दोर त्याचा, बांधावर चहा त्याच्या घरचा, पहाटे सायकल हाणली ती तुझ्या आधीच्या तिघांनी. आणि डेटा तुझा? पेपर येईपर्यंत वर्षभर थांबा म्हणालास तर ते मी समजू शकतो, तेवढा रिवाज जगभर आहे. पण तुझा पेपर 'येतोय' तो किती वर्षांपासून? आणि त्या तिघांची नावं त्यात कुठं आहेत? आभारातसुद्धा नाहीत!

शेतकऱ्याला तरी कधी सांगितलंत त्याची विहीर काय म्हणते ते? बहाराचा ताण कधी सोडायचा, नवी बाग लावायची की नाही, हे तो पाण्याकडे बघूनच ठरवतो. याच पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेचं काम बघा. परिसरातल्या खेड्यांत आशा कार्यकर्त्या महिन्याच्या महिन्याला घरोघर जाऊन नोंदी घेत आणि त्या नोंदींवरून कोणत्या सुनेला कोणती सेवा पोचवायची ते ठरत असे. नोंद ज्या घरातून निघाली त्या घरी परत जात होती. तुम्ही विज्ञानाचे पदवीधर, आणि तुमची नोंद पेनड्राइव्हमध्ये कुजतेय.

राहिला तुझा प्रश्न, 'सर, यात करिअर काय?' खोटं सांगणार नाही. प्रकल्प तीन वर्षांचा, मानधन बेताचं आणि तेही लांबतं, कायम नोकरी क्वचित. विहिरीला तीन वर्षं म्हणजे काहीच नाही. एक दुष्काळ आणि एक ओलं साल, एवढंच हाती लागतं. हा दोष तुमचा नाही, आणि तो मी तुमच्या माथी मारत नाही. कीलिंगसारख्या शास्त्रज्ञालाही हा पैशांचा फटका चुकला नाही. १९५८ पासून हवाईच्या मौना लोआवर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजत होता. १९६४ साली पैशांना कात्री लागली आणि काही महिने मोजणीच बंद पडली. ती फट त्याच्या आलेखात आजही आहे. पण तिथं त्याने शून्य भरलं नाही.

तरी लोक टिकून राहतात. मुदुमलाईच्या जंगलात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सुकुमारांनी १९८८ साली ५० हेक्टर आखले. सेंटीमीटरभर जाडीच्या खोडापासून प्रत्येक झाडाला क्रमांक. दरवर्षी कोणतं मेलं, कोणतं नवं आलं, याची मोजदाद. किती संशोधक आले, पदव्या घेऊन गेले. क्रमांक तेच राहिले, कारण येणाऱ्याला जाणाऱ्याची वही वाचता येत होती. आकडे नीट सांभाळणारा माणूस आज जलसंधारणाच्या संस्थांना हवाय, विमा कंपन्यांना हवाय, सरकारलाही हवाय. मोसंबीचा फळपीक विमा महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर मिळतो, ठाऊक आहे ना? पण असली वही घेऊन मुलाखतीला गेलात तर शिपाईसुद्धा आत सोडणार नाही.

चला, उठा. डॉक्टरसाहेब, तुझ्याकडचे सगळे आकडे, मूळ वह्यांच्या फोटोंसकट, संध्याकाळपर्यंत कॉलेजच्या संगणकावर. दुसरी प्रत ग्रंथालयात. प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि एकक मराठीत, वेगळ्या पानावर. जे शून्य शंकास्पद आहे ते खोडायचं नाही, शेजारी तसं लिहायचं, सहीनिशी. रविवारी दोघांनी रंगाचा डबा घेऊन निघायचं आणि जमिनीला टेकून प्रत्येक विहिरीवर खूण मारायची. इथून पुढे दोर त्याच खुणेवरून. आणि पहिल्या वर्षाच्या त्या दोन मुलींना बरोबर न्यायचं. तू जूनमध्ये पुण्याला जाशील. त्याआधी मोटारीचं कुणाला विचारायचं, कुठल्या वस्तीवरचं कुत्रं चावतं, कोणता मालक पहाटेच भेटतो, हे सगळं त्यांना सांगून जायचं, लिहून.