“छान!” म्हणण्यापूर्वी



परवा सेलूहून वर्ध्याला गेलो असता एका तरुणाच्या नव्या हॉटेलात मेक्सिकन जेवण घेतले. मका आणि मिरची मूळची मेक्सिकोचीच. म्हटले, चव ओळखीची लागेल. पण मक्याची पोळी वातड आणि राजमा कच्चा निघाला. त्याने विचारले, “फादर, कसे झाले?” मी म्हणालो, “छान!”

संत ऑगस्टीन यांनी इ. स. 395 च्या सुमारास लिहिले, की प्रत्येक असत्य हे पापच. मी मात्र माझ्या असत्याला प्रेम समजलो. पण कच्चा राजमा पोटाला बाधतो. पुढचे गिऱ्हाईक आजारी पडले तर? माझ्या गोड शब्दाने फक्त माझा संकोच टळला.

या आठवड्यात पुन्हा जाईन. त्याला बाजूला घेऊन सांगेन, राजमा रात्रभर भिजव, चांगला शिजव. आणि पुन्हा तिथेच जेवेन.