माडीवरची खोली

18 ऑगस्ट 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं आता इथं चालणार. चार दशकं वकील आणि पक्षकार ज्यासाठी रस्त्यावर उतरत होते, ते पदरात पडलं. आणि भाऊसिंगजी रोडच्या आसपास राहायला खोली मिळेनाशी झाली.

सावंतवाडीची एक तरुण वकील त्याच दिवसांत आंबोली घाट चढून आली. तीन महिने राहायचं, कामं किती मिळतात ते बघायचं आणि मगच बिऱ्हाड करायचं, असा तिचा हिशोब. पण तीन महिने म्हटलं की घरमालक मान हलवायचे. कुणाला अकरा महिन्यांच्या खाली नको, कुणाला एकटी मुलगी नको. एक एजंट म्हणाला, "मॅडम, टोकन टाका. कागद-बिगद कशाला? तीन महिन्यांचाच तर प्रश्न हाय." पक्षकारांना रोज 'कागद करून घ्या' म्हणून बजावणारी ती, पण लॉजचं भाडं भरून इतकी टेकीला आली होती, की पैसे पाठवायला तिनं मोबाइल काढलासुद्धा. गरज माणसाला असं आंधळं करते.

तेवढ्यात सीपीआर रुग्णालयासमोरच्या चहावाल्यानं शुक्रवार पेठेतल्या एका आजींची माडी सुचवली. "खोली हाय, पण मिळंल असं सांगत न्हाई. लई वर्सं कुलूप हाय."

आजींनी तिला उंबऱ्यातच ओळखलं. "खोली बघाय आलीस न्हवं? मी कुणाला देत न्हाई बाळ. बस, पाणी पी. जेवलीस काय?"

जेवण झालं तेव्हा कुलपाची गोष्ट निघाली. 1986 साली आजींच्या यजमानांनी ती खोली ओळखीतल्या एका कुटुंबाला दिली होती. दोन महिन्यांसाठी, तोंडी बोलीवर. दोन महिन्यांची दोन वर्षं झाली, मुलांच्या शाळा लागल्या. खोली मागितल्यावर ते म्हणाले, आम्ही भाडेकरू आहोत. ते खोटं आणि हे खरं, असं म्हणायला काही लिहिलेलंच नव्हतं. प्रकरण खालच्या कोर्टातून वर, वरून मुंबईला गेलं. यजमान महालक्ष्मी एक्स्प्रेसनं तारखेला जायचे. आमदार निवासात चिठ्ठीवर खोली मिळाली तर मिळाली. तारीख पुढच्या दिवसावर गेली आणि खोली नसली, की बोरीबंदरच्या बाकावर पिशवी उशाला घेऊन रात्र काढायची. चौदा वर्षांनी माडी मोकळी झाली. त्यांनी कुलूप घातलं आणि किल्ली देवघरात ठेवली. मधे एकदाच ते निघालं, 2019 च्या महापुरात. खालच्या अंगाच्या दोन घरांतली माणसं आठ दिवस वर होती. पाणी ओसरलं, तशी खोली झाडून गेली.

"मग त्यांची भीती नाही वाटली?" मुलीनं विचारलं.

आजी थोडा वेळ गप्प बसल्या. "पाणी दारात आल्यावर कसली भीती? आणि बाकावर झोपणाऱ्याला मुंबईत कुणी दार उघडलं असतं, तर मला बरं वाटलं असतं."

मुलीनं मग हट्ट केला नाही, नीट समजावून सांगितलं. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्यानं सांगितलेल्या अटीच खऱ्या धरतात. आणि लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपूनही कुणी खोली सोडली नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तोवर दुप्पट रक्कम वसूल होते. महापालिका हद्दीत नोंदणीची फी 1000 रुपये. "ती मी भरते, आजी. तीन महिने म्हणजे तीनच महिने, ते आधी लिहू आणि मग सामान आणू."

दोन दिवसांनी करार नोंदवायला एक पोरगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. आजींचा अंगठा काही उमटेना. भांडी घासून, भाकरी थापून रेषा पुसलेल्या. त्यांनी पदराला हात पुसला, पुन्हा दाबला. चौथ्या वेळी तर्जनी लागली. "ह्यांच्या वेळी ह्येवढं कुणी सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. बाकीचं वाक्य त्यांनी गिळलं.

कुलूप उघडायला किल्ली फिरेना, गोडेतेलाचे थेंब सोडावे लागले. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त तेच आठवतं: देवघरातल्या समईतलं तेल बोटावर घेऊन, गंजलेल्या कुलपाशी वाकलेली म्हातारी.

मुदत संपायला दोन दिवस असताना मुलीनं खोली झाडली, विजेचं बिल भरलं आणि किल्ली आजींच्या हातात दिली. कामं मिळू लागली होती. तिनं राजारामपुरीत वर्षासाठी घर घेतलं. आजींनी किल्ली देवघरात ठेवली नाही, दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. सध्या तिथं सोलापूरकडचे दोन वकील चार महिन्यांसाठी राहतात. त्यांचाही करार नोंदवलेला आहे.