पत्र कोणी वाचावे?

लोदला आमच्या एक मावशी राहतात. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली त्याला बरीच वर्षे झाली. तेव्हापासून त्यांच्याकडे येणारे टपाल वाचून दाखविण्याचे काम आमच्याकडे आले. बँकेचा हिशेब, विजेचे बिल, दवाखान्याचे कागद, सारे हिब्रूत. आम्ही वाचावे आणि मराठीत सांगावे. या सेवेचा आम्हांला थोडा अभिमानही होता, हे कबूल केले पाहिजे.

एकदा तपासणीचा निकाल आला. त्यातली एक ओळ आम्ही गाळली. पेसाह तोंडावर आलेला. सण तरी सुखाने होऊ दे, मग सांगू, असा आमचा विचार. सण झाला आणि सांगणे राहूनच गेले. पुढे मावशींच्या मुलाने त्यांना चष्म्याच्या काडीला लावायचा एक छोटा कॅमेरा आणून दिला. कागद समोर धरला की तो छापील मजकूर कानाशी वाचतो. मावशींनी जपून ठेवलेले सारे कागद एकेक करून त्याच्यापुढे धरले. संध्याकाळी आम्हांला फोन आला. "तेव्हा ही ओळ कागदावर नव्हती का रे?" एवढेच त्यांनी विचारले. आम्हांला उत्तर देता आले नाही.

हे यंत्र यरुशलायीमचे. अम्नोन शाशुआ व झिव अविराम यांनी 2010 साली स्थापन केलेल्या ऑरकॅम कंपनीने ते बनविले. त्याची विशेष गोष्ट अशी की वाचण्यासाठी त्याला इंटरनेट लागत नाही; कागदाचे चित्र यंत्राच्या बाहेर जात नाही.

हाच चष्मा लावून मावशी एका घरच्या मलिद्याला गेल्या, तर एक बाई म्हणाल्या, "मावशी, आमचे फोटो काढता की काय?" आणि त्यांनी तोंड फिरविले. मावशींनी निमूटपणे कॅमेरा काढून पर्समध्ये ठेवला.

त्या बाईंची भीती अगदीच वेडी नव्हती. शेजाऱ्याच्या अंगणात डोकावणे हेसुद्धा नुकसानच, असे आपल्या शास्त्र्यांनी मानले आणि त्याला हेझेक रेइया असे नाव दिले. दुसऱ्याचे पत्र वाचू नये ही बंदी सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या रब्बेनू गेर्शोम यांच्या नावाने सांगितली जाते. पण आम्हांला खटकते ते असे की, इतकी वर्षे आम्ही मावशींचे बँकेतले आकडे आणि पोटातले दुखणे वाचत होतो, तेव्हा त्यांच्या खासगीपणाची आठवण कोणालाही झाली नाही. आम्हांलाही नाही. डोळसांच्या चेहऱ्यावर कॅमेरा वळला, तेव्हा मात्र तो प्रश्न उभा राहिला.

हाच वाद मोठ्या प्रमाणावरही झाला. 2015 साली डेन्मार्कमधून बी माय आईज नावाची सोय सुरू झाली. अंध माणसाने मोबाईल समोर धरायचा आणि दूरच्या अनोळखी स्वयंसेवकाने काय दिसते ते सांगायचे. 2023 साली चित्राचे वर्णन यंत्रच करू लागले. खासगीपणाच्या काळजीने त्यात काही काळ माणसांचे चेहरे झाकले गेले. अंध मंडळींनी तक्रार केली: रस्त्यावरचा चेहरा तुम्हांला फुकट दिसतो, आम्हांला त्याचे वर्णनही नको? पुढे चेहऱ्यांचे वर्णन पुन्हा सुरू झाले. आमच्या मते अंधांचेच म्हणणे खरे. समोरचा माणूस हसतो आहे की रागावला आहे, हे सांगणे म्हणजे चोरी नव्हे. अनोळखी माणसाचे नावगाव सांगणे ही गोष्ट वेगळी. ते डोळसालाही नुसते पाहून कळत नाही.

मेटा आणि रे-बॅनच्या चष्म्यात चित्र घेताना एक बारीक दिवा लागतो, समोरच्याला कळावे म्हणून. मावशींना हे सांगितले तेव्हा त्या हसल्या. "आणि समोर मी बसले असले तर?"

नातवाने त्यांच्या मोबाईलवरही वाचून दाखविण्याची एक सोय घालून दिली आहे. तिला पुष्कळ अधिक कळते, पण चित्र परदेशी कंपनीच्या संगणकाकडे जाते. मावशींनी आपल्यापुरता नियम केला आहे: दुधाच्या पिशवीवरची तारीख कंपनीने खुशाल बघावी, बँकेचा कागद मात्र चष्म्यापुढे. नियम चांगला आहे, पण तो करण्यासाठी चित्र कुठे जाते हे आधी कळावे लागते, आणि ते मावशींना कंपनीने नव्हे, नातवाने सांगितले. ज्यांना नातू नाही त्यांचे काय?

मावशींच्या चष्म्याला हाताने लिहिलेले वाचता येत नाही. म्हणून रेवदंड्याहून त्यांच्या मैत्रिणीचे मराठी पत्र आले की ते अजून आमच्याकडेच येते. आम्ही ते वाचून दाखवितो. मावशी ऐकून घेतात, पाणी आणून देतात आणि म्हणतात, "आता पुन्हा एकदा वाच, सुरुवातीपासून."